पोरगी घरीच असते?

सणसवाडीत माणसाला दोनच प्रश्न विचारतात : कुठल्या कंपनीत आहे आणि शिफ्ट कुठली. पोरीला घरीच शिकवायचं ठरवलं, तेव्हापासून आम्हाला तिसरा सुरू झाला. ‘पोरगी घरीच असते?’ त्यातल्या ‘घरीच’वर असा जोर येतो की नवख्या आईबापांचं निम्मं अवसान तिथंच गळतं. अशा आईबापांना सांगतो, घरशाळेत गणित अवघड नाही, इंग्रजी अवघड नाही. अवघड असते ती आत्या.

आमची आत्या म्हणते, ‘अरे, वाबळेवाडीची शाळा बघायला लोक कुठून कुठून येतात, अन् तू पोर घरात ठेवतोस? तुला बारावीला गणितात किती होते रे?’ आकडा तिला पाठ आहे. मी म्हणतो, ‘म्हणूनच मी शिकवत नाही आत्या. आम्ही दोघं मिळून शिकतो.’

नाइट करून आलो की मी पोरीला घेऊन नगर रोडच्या टपरीवर चहाला जातो. ट्रॅफिक तुंबलेलं असतंच. त्यातल्या नंबरप्लेटांवर तिचा महाराष्ट्र पाठ झाला : एमएच १६ नगर, २३ बीड, ४२ बारामती. एकदा तिनं विचारलं, ‘बाबा, नागालँडचे ट्रक इथं एवढे कसे?’ मला कुठं माहीत! म्हटलं, ड्रायव्हरला विचार. ड्रायव्हर निघाला हरियाणाचा. गडी खाली उतरला आणि तिकडे टॅक्स कमी पडतो म्हणून मालक पासिंग तिकडचं करून घेतात, हे त्यानं तिला खुलाशानं सांगितलं. घरी येऊन तिनं नकाशात कोहिमा शोधलं, दोरा लावून अंतर मोजलं, मग आईला टॅक्सची टक्केवारी विचारून भंडावलं. मी तोवर झोपलो होतो. बापाला सगळं यायला हवं अशी अट नसते. खरं तर बाप जागा हवा अशीसुद्धा नसते.

मित्रमैत्रिणींचं म्हणाल, तर पाचला शाळा सुटली की अख्खी शाळा आमच्याच दारात असते.

कायद्याचं विचाराल, तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं मूल शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य सांगितलंय, न घातल्यास दंड मात्र सांगितलेला नाही. आमच्या घरात माझ्या बाबतीत बरोबर उलटं असतं. चौदा पूर्ण झाली की राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून दहावी देता येते, आणि बाहेरून बसणाऱ्यांचा आपला सतरा नंबरचा फॉर्म तर जुनाच. मुंबईच्या मालविका जोशीला आईनं सातवीत शाळेतून काढलं; बारावीचा कागद नाही म्हणून आयआयटीचं दार बंद होतं, तरी संगणक ऑलिंपियाडच्या पदकांवर ती २०१६ साली अमेरिकेतल्या एमआयटीत गेली. हे उदाहरण आत्यासाठी जपून ठेवावं. पोरीच्या डोक्यावर ठेवू नये.

आणि लोक काय म्हणतील याची धास्ती असेल, तर न्हावऱ्यावरून चौफुल्याकडे निघा, भीमा ओलांडा आणि केडगावात पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन बघून या. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला घरी संस्कृत शिकवायला घेतलं आणि गहजब झाला. शास्त्रीबुवांनी बिऱ्हाड उचललं ते थेट गंगामूळच्या रानात नेलं. तिथं १८५८ साली रमाबाई जन्मल्या आणि आईपाशीच शिकल्या. हजेरीपट नाही, गणवेश नाही. पण १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं. पुढं हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी बायबल मराठीत आणलं. शास्त्रीबुवांना आत्या किती होत्या याची नोंद नाही, पण रान गाठावं लागलं म्हणजे बऱ्याच असाव्यात.

आमच्याकडे परवा शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाचे गुरुजी आले. भला माणूस. पोरीला सतराचा पाढा विचारला, तिनं म्हटला. मग तिनं त्यांना त्यांच्या मोटारसायकलचं पासिंग कुठलं ते सांगितलं. गुरुजींनी चहा घेतला आणि कागद काढला. कारणाच्या रकान्यात ते अडले. स्थलांतर? नाही. वीटभट्टी? नाही. आजारपण? पोरगी समोर चिंचेच्या झाडावर चढलेली. शेवटी त्यांनी ‘इतर’वर खूण केली, पुढच्या तपशिलाच्या ओळीपाशी पेन थांबवलं, माझ्याकडं एकदा नीट पाहिलं आणि लिहिलं, ‘वडील’.