पाच तारे आणि जवाहर मार्ग

इंदूरचा माणूस पोह्यांबाबत कुणाचा अभिप्राय वाचत बसत नाही. छप्पन दुकानला जातो, प्लेट हातात घेतो, जिरावन मसाला कमी वाटला तर दुकानदाराला तोंडावर सांगतो आणि तरीही दुसरी प्लेट मागवतो. हाच माणूस दहा लाखांची गाडी घ्यायची म्हटली की मोबाइल उघडतो आणि टोपणनावाने लिहिणाऱ्या कुणा परक्या इसमापुढे मान डोलावतो.

आमच्या घरी रिव्ह्यू वाचायचं काम माझ्याकडे आलं, कारण बाकीच्यांची मतं आधीच ठरलेली होती. मुलाला वेग हवा होता, काकांना मायलेज, आणि बायकोला भोपाळला पोहोचेपर्यंत कंबर जागेवर राहायला हवी होती.

पाच तारेवाले बहुतेक डिलिव्हरीच्या दिवशीच लिहितात. बॉनेटवर हार, हातात ताटाएवढी पुठ्ठ्याची चावी, शेजारी पेढ्यांचा बॉक्स आणि खाली 'बेस्ट कार एव्हर'. गाडी अजून शोरूमच्या फाटकाबाहेर पडलेली नसते. अशा रिव्ह्यूवरून एवढंच कळतं की पेढे बरे होते. एक तारावाल्यांचं दुःख खरं असतं, पण बरेचदा ते नंबरप्लेट उशिरा आल्याचं किंवा मॅनेजरने फोन न उचलल्याचं असतं. मॅनेजर गुवाहाटीचा असेल तर आपण दोन मिनिटं हळहळावं आणि पुढे जावं. इंदूरचा असेल तर मात्र वहीत टिपून ठेवावं.

मी वही केली होती. काका तिला 'रोजमेळ' म्हणत. तिच्यात पहिला रकाना गावाचा. गाडी तीच असली तरी गावोगावी तिची दुखणी वेगळी. मुंबईकर लिहितो, दाराखाली गंज आला. येईलच, समुद्राशेजारी ठेवलीत. दिल्लीकर म्हणतो, डिझेल चुकूनही घेऊ नका; त्याच्याकडे दहा वर्षांवरची डिझेल गाडी चालवायला बंदी आली होती, म्हणून तो पोळलेला. बंगळूरवाला मात्र क्लच जड आहे, संध्याकाळी घरी येईपर्यंत डावा पाय बधिर होतो, असं कळवळून लिहितो, तेव्हा मी खाली लाल रेघ मारतो. त्याने आमच्या जवाहर मार्गावरची गर्दी पाहिलेली नसली तरी तो आमचाच माणूस.

एकच तक्रार पाच जणांनी पाच तऱ्हांनी लिहिली असेल तर ती खरी समजावी. पाच जणांनी एकच स्तुती एकाच शब्दांत, त्याच चुकीच्या स्पेलिंगसकट केली असेल तर लिहिणारा एकच, आणि बहुधा पगारी. भारतीय मानक ब्युरोने 2022 साली ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस 19000 नावाचं मानक काढलं, विकत घेतलेले रिव्ह्यू छापू नयेत म्हणून. पण ते पाळणं ऐच्छिक आहे. मी हे वाचून दाखवल्यावर काका म्हणाले, "इथे सक्तीचं हेल्मेटसुद्धा ऐच्छिक आहे रे."

काकांचा विश्वास फक्त कंपनीने छापलेल्या बावीसच्या मायलेजवर. तो आकडा प्रयोगशाळेत, रोलरवर चाकं फिरवून काढतात, हे सांगून पाहिलं. तिथे राजवाड्यासमोर आडवी येणारी ई-रिक्षा नसते. मुलगा व्हिडिओ दाखवी, त्यात कुणीतरी दोनशेच्या वेगाने सुसाट. त्याला म्हटलं, बाबा, एवढ्या वेगासाठी पीथमपूरला नॅट्रॅक्सचा 11.3 किलोमीटरचा ट्रॅक बांधलाय, आपल्याला सुदामा नगरातून भाजी आणायचीय.

बायकोने विचारलं, "पण हिला पाच तारे आहेत ना?" आता तारे दोन प्रकारचे. भारत एनकॅप या सुरक्षा चाचणीचे तारे मिळवायला गाडीला ताशी 64 किलोमीटरच्या वेगाने अडथळ्यावर आदळावं लागतं. दुसऱ्या ताऱ्यांना पेढा पुरतो. जाहिरातीत दोन्ही सारखेच चमकतात.

शेवटी वही मिटून आम्ही वरच्या गल्लीतल्या जोशीकाकूंच्या जावयाला गाठलं. त्यांच्याकडे तीच गाडी, चाळीस हजार किलोमीटर चाललेली. ते रविवारी बादली घेऊन गाडी धूत होते. फडकं खांद्यावर टाकून त्यांनी तासभर मन मोकळं केलं. मे महिन्यात मागच्या सीटपर्यंत एसी पोहोचत नाही. क्लच जड, बंगळूरवाला बरोबर बोलला. शहरात मायलेज तेरा, चौदा म्हणजे चैन. आरसा फुटला तर नव्यासाठी तीन आठवडे थांबा. पण इंजिनाने कधी दगा दिला नाही, घाटात चार माणसं आणि सामान घेऊन चढते, आणि गाडी विकायचा विचार आजवर मनात आलेला नाही. मी भराभर लिहून घेत होतो. इतकं नेमकं मला मोबाइलवर कुठेच सापडलं नव्हतं.

"हे सगळं तुम्ही ऑनलाइन का नाही लिहिलंत?" मी विचारलं.

"लिहिलं ना," ते म्हणाले. "पाच तारे दिले."

"पाच?"

"सर्व्हिसचा पोरगा समोरच उभा होता. म्हणे, अंकल, चार दिए तो भी मेरी क्लास लगती है।" त्यांनी फडकं पिळलं. "लग्न ठरलंय हो त्याचं."