आज तुमची बचत

आमच्या दुकानात मॅनेजर असतो तेव्हा असिस्टंट मॅनेजरने त्याचं ऐकायचं असतं आणि तो नसतो तेव्हा गिऱ्हाइकांचं. रविवारी मॅनेजर नसतो. रविवारी मेगाब्लॉक असतो, त्यामुळे बदलापूर-आसनगावहून येणारी बिलिंगची पोरंही वेळेवर नसतात. गिऱ्हाईक मात्र वेळेच्या आधी असतं. ते रिक्षा करून येतं आणि रिक्षाचे पैसे साबणात वसूल करून जातं.

मी आधी ठाण्याला, घोडबंदर रोडच्या शाखेत होतो. आता बदली होऊन डोंबिवलीत आलोय. घराजवळ नोकरी मिळाली म्हणून सगळ्यांनी अभिनंदन केलं. घराजवळ नोकरी म्हणजे अख्खी सोसायटी गिऱ्हाईक, हे कुणी सांगितलं नाही. घोडबंदरचा माणूस गाडीतून येतो, भाव न बघता ट्रॉली भरतो आणि काउंटरवर आल्यावर निम्मं सामान ‘हे राहू दे’ म्हणून काढून ठेवतो. डोंबिवलीकराच्या हातून असं होत नाही. त्याच्याकडे यादी असते आणि यादीत प्रत्येक जिनसेपुढे वाण्याचा भाव पेन्सिलीने लिहिलेला असतो. कल्याणकर त्याच्याही वरचा. त्याला मार्केट यार्डातला होलसेलचा भाव पाठ असतो. तो आमच्या गव्हाच्या थप्पीकडे बघून नुसता हसतो.

या मंडळींना पैसे वाचवायचे असतात, असा बाहेरच्यांचा समज आहे. इथे जो येतो तो जिंकायला येतो. छापील एमआरपीपेक्षा जास्त घेता येत नाही आणि कमी घ्यायला कुणाची हरकत नाही, यावर आमचा धंदा उभा आहे. मधल्या फरकाला बिलाच्या शेवटी स्वतंत्र ओळ दिलेली आहे: ‘आज तुमची बचत’. एकूण रक्कम कुणी वाचत नाही. परवा एका काकूंची बचत 193 रुपये आली. शेजारणीची आदल्याच दिवशी दोनशेच्या वर गेली होती म्हणे. काकू तडक आत गेल्या आणि ती ओळ सुधारण्यासाठी साडेतीनशे रुपयांचं तूप घेऊन आल्या.

आणि हे काही आजचं नाही. 1948 साली गिरणगावातल्या नायगावला ‘अपना बाजार’ निघालं, 1975 साली मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली, तेव्हापासून आमच्याकडच्या मध्यमवर्गाला स्वस्त सामान हा हक्क वाटतो. आमच्या घरी पंचायतीचं सामान यायचं. आमच्या ग्राहक संघातल्या सगळ्या बायका एका घरी जमून वाटप करायच्या आणि तूरडाळीच्या दर्जावर जी चर्चा व्हायची तिच्यापुढे विधानसभा फिकी. पुढे राधाकिशन दमाणींनी नेरूळला ‘अपना बाजार’चीच एक फ्रँचायझी चालवून पाहिली आणि मग 2002 मध्ये पवईला पहिलं डीमार्ट काढलं. 2017 च्या मार्चमध्ये त्यांचा 299 रुपयांना दिलेला शेअर बाजारात सहाशेच्या पुढे उघडला. त्या संध्याकाळी आमच्या लोकलच्या डब्यात सुतकी शांतता होती. डोंबिवलीकराने इतकी वर्षं तिथून सगळं सवलतीत आणलं होतं, तेवढा शेअर आणायचा राहिला.

रॅकवरच्या पट्टीवर 84 आणि बिलात 86 लागले की माझी खरी ड्यूटी सुरू होते. एक निवृत्त काका असेच बिल घेऊन परत आले. बिलावर पट्टी धरून लाल रेघ मारलेली. मी दोन रुपये पुढे केले.

“प्रश्न दोन रुपयांचा नाही,” काका म्हणाले, “तत्त्वाचा आहे.”

तत्त्व सुमारे पाऊण तास चाललं. त्यांनी मला 1986 चा ग्राहक संरक्षण कायदा समजावून सांगितला. तो जाऊन 2019 चा आला आहे हे मला ठाऊक होतं. पण ते बोललो असतो तर त्यांनी नवाही समजावला असता. शेवटी तत्त्व मान्य झालं, माफी झाली, आणि काकांनी दोन रुपये मोजून खिशात टाकले.

माल लावण्याचा आमचा नियम आहे: जुना पुढे, नवा मागे. हा नियम हेड ऑफिसनंतर कुणाला पक्का माहीत असेल तर गिऱ्हाइकाला. ब्रेडच्या रॅकमध्ये खांद्यापर्यंत हात घालून मागचं पाकीट ओढून काढणाऱ्या आज्जी मी रोज बघतो. एकदा नव्या पोराने घाईत सगळं उलटं लावलं. ताजा पुढे, कालचा मागे. दुपारपर्यंत कालचा ब्रेड संपला. मी हे वर कळवलं नाही. कळवलं असतं तर त्याचाही नियम झाला असता, मग आठवडाभरात आज्जींना तोही कळला असता.

बिलिंगच्या रांगेत नवरे उभे असतात. हातात रिकामी ट्रॉली, चेहऱ्यावर जागा धरल्याचा भाव. पुढच्याला विचारतात, “तुमचं किती आहे?” हा प्रश्न ज्या सुरात येतो त्या सुरात माणूस दादरला लोकलमध्ये फक्त “कुठे उतरणार?” असं विचारतो. मग आषाढीचा साबुदाणा किंवा दिवाळीचे पातळ पोहे, रवा, बेसन आणि मोती साबण घेऊन बायको येते आणि मागची रांग उसळते. भांडण सोडवायला मी.

माझी आई मात्र आमच्या दुकानात पाऊल टाकत नाही. ती रोज रात्री मला जेवताना भाव विचारते. शेंगदाणे कितीला, साखर कितीला, चणाडाळ उतरली का. सकाळी नाक्यावरच्या वाण्याला माझा भाव ऐकवते आणि त्याला तिथपर्यंत खाली आणते. वाणी कुरकुरतो, पण देतो.

तो का देतो, हे मला सणाच्या ऑफरमध्ये समजलं. साखर एका गिऱ्हाइकाला पाचच किलो होती. वाण्याचे तीन भाचे तीन वेगवेगळ्या काउंटरवर उभे होते आणि चौथ्यावर तो स्वतः. मला बघून जराही न बिचकता म्हणाला, “साहेब, आईंना सांगू नका हं. त्यांना वाटतं मी त्यांच्यासाठी तोटा खातो.”

मी नियमाप्रमाणे चारही बिलं तपासून सोडली. बचत चांगली आली होती.