‘ए’ आणि ‘ई’ यांना एका दुकानदाराचे अनावृत पत्र

श्री. ए व श्री. ई,
मु. पो. इंग्रजी वर्णमाला

सा. न. वि. वि.

गेली २६ वर्षं माझं वह्या-पेनांचं दुकान आहे. पाटीवर ठळक इंग्रजीत ‘स्टेशनरी’. परवा सहावीतला एक पोरगा पट्टी घ्यायला आला आणि पाटीकडे मान वर करून म्हणाला, ‘‘काका, शेवटून तिसरं अक्षर ई पाहिजे. तुम्ही ए घातलाय. त्याचा अर्थ, दुकान एका जागी उभं आहे.’’

‘‘मग ते काय फिरतंय?’’ मी विचारलं.

पोरगा हसला नाही. ‘एन्व्हलप’चा ई लक्षात ठेवा, असा सल्ला मात्र फुकट देऊन गेला. पेंटरने ए खोडून ई काढायचे दीडशे रुपये सांगितले.

दीडशे रुपयांचा प्रश्न म्हणून मी खोलात शिरलो. मध्ययुगीन इंग्लंडात फेरीवाले गाठोडं पाठीला मारून गावोगाव हिंडत. पुस्तकवाला मात्र ठरलेल्या जागी ठाण मांडून बसे, म्हणून तो ‘स्टेशनर’. लंडनमध्ये या मंडळींचा संघ १४०३ साली झाला, १५५७ साली त्याला राजसनदही मिळाली. म्हणजे एका जागी बसणं हीच आमच्या धंद्याची मूळ ओळख! दोन्ही शब्दांचं आजोळ एक, उच्चारही जवळपास एक. मग तुम्ही दोघांनी परस्पर वाटण्या केल्या आणि भुर्दंड माझ्या पाटीला.

बरं, वाटण्या केल्या त्या तरी पाळा. शाळेत आम्ही घोकलं: ए लावून ‘अफेक्ट’ क्रियापद, ई लावून ‘इफेक्ट’ नाम. पुढे कळलं, मानसोपचाराचे डॉक्टर रुग्णाच्या चेहऱ्या-आवाजातून दिसणाऱ्या भावनेला ‘अफेक्ट’ म्हणतात, म्हणजे नाम. आणि बदल घडवून आणायचा तर ‘इफेक्ट’ चक्क क्रियापद होतं. ‘डिपेंडंट’चंही तेच. ब्रिटनमध्ये अवलंबून असलेला माणूस ए-चा, विशेषण ई-चं. अमेरिकेत दोन्हींना ई चालतो. शेजारचा फॉर्म भरून देणारा कधी हा लावतो, कधी तो. आजवर एकही फॉर्म परत आलेला नाही!

असो. छोट्या दुकानांनाही देवनागरी पाटी २०२२ सालीच सक्तीची झाली होती, आळस माझा. आता इंग्रजी पाटी पुसून टाकली. देवनागरीतल्या ‘स्टेशनरी’त तुम्हा दोघांनाही काम नाही.

खाली हौसेने एक ओळ रंगवून घेतली: ‘शिक्षक दीनानिमित्त लाल पेनांवर सूट’. काल पलीकडच्या आळीतले निवृत्त मास्तर पाटीपुढे थांबले. ‘दि’ ऱ्हस्व हवा, असं सांगायला त्यांनी तोंड उघडलं, मग हातातल्या पेन्शनच्या पासबुकाकडे पाहिलं.

‘‘राहू दे,’’ म्हणाले, ‘‘बरोबर आहे.’’

कळावे.

आपला,
एकाच जागी बसलेला दुकानदार