गडग्यावरचा तगादा

आमच्या आणि काकीच्या आवारात कमरेएवढा जांभ्याचा गडगा आहे आणि गडग्याला टेकून एक फणस. आमच्या वाडीत मोबाइलची रेंज मिळते ती फक्त त्या फणसाखाली. बाकी ठिकाणी ती खाडी ओलांडून तवसाळला जाते आणि बहुतेक फेरीबोटीनेच परत येते. त्यामुळे दोन्ही घरांचे फोन गडग्यावर येतात आणि खबराही तिथेच फुटतात.

एप्रिल सरता सरताची गोष्ट. तुळशीपुढे दिवा लावून मी गडग्यावरची आमसुलं गोळा करत होते, तोच फोन वाजला. पलीकडून एक घुश्शातला आवाज. काकीच्या धाकट्याचं नाव घेऊन म्हणाला, "तुमच्या शेजारचे ना हे? क्रेडिट कार्डाचे सहा हजार दोनशे चाळीस थकवलेत त्यांनी. उद्यापर्यंत भरले नाहीत तर घरी पोलीस येतील म्हणून सांगा."

"मला कशाला सांगताय?"

"फॉर्मवर तुमचा नंबर आहे."

आता खोटं कशाला बोलू? माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते 'अगो बाई, धाकट्यानं पैसे बुडवले!' आणि दुसरं आलं ते, उद्या खंडाळ्याच्या बाजारात हे आधी कुणाच्या कानावर घालावं. तिसरं काही यायच्या आत दिसलं, की काकी सूप हातात घेऊन पलीकडेच उभी आहे.

"कोण गो? सहा हजार कोणाचे?"

सांगावंच लागलं. काकी गडग्यावर बसली ती आमसुलांवरच.

"कार्ड त्यानं मागितलं नव्हतं गो," ती म्हणाली. "बंदराच्या कंपनीत कंत्राटावर होता ना, तेव्हा रत्नागिरीत एक टायवाला पोरगा छत्री लावून बसला होता. आयुष्यभर फुकट म्हणाला, नि घेतली सही. नंबर तुझा दिला, कारण रेंज तुझ्याकडे. कार्ड आलं ते रेशनकार्डाच्या डब्यात पडलंय, पाकिटातून पुरतं बाहेरसुद्धा काढलं नाय. नि आता हा बोटीवर." मग आवाज उतरवून म्हणाली, "देऊन टाकूया. आमसुलं विकून भरत्ये. पण चार माणसांत शोभा नको."

वसुलीवाल्याचं खरं भांडवल ते हेच. बँकेचे पैसे बँकेकडे असतात. ह्याच्या गाठीला असते ती फक्त आपली अब्रू, आणि तीही आपणच त्याला उसनी दिलेली.

तेवढ्यात पडवीतून मास्तर आले. म्हणजे आमचे काका. शाळेतून निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली, पण परिपत्रक वाचायची खोड काही सुटलेली नाही. "किती वाजता आला फोन?" त्यांनी पहिला प्रश्न हा विचारला.

"सात चाळीसला."

"लिहून ठेव. संध्याकाळी सातनंतर आणि सकाळी आठच्या आधी वसुलीचा फोन करायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२२ मध्ये सांगितलंय. धमकी नको, चारचौघांत अपमान नको, नि घरच्यांच्या, मित्रांच्या, ज्यांचे नंबर दिलेत त्यांच्या मागेही लागायचं नाही. तुला फोन आला तिथेच त्याचं चुकलं. आणि कार्डाचे पैसे थकले म्हणून पोलीस कोणाला धरून नेत नाहीत. आता हिशेब दाखव."

धाकट्यानं मेलवरचे कागद माझ्या फोनवर धाडले. मास्तर चष्मा सरसावून वाचू लागले. वार्षिक फी ५०० रुपये. तिच्यावर १८ टक्के जीएसटी, ९० रुपये. ते भरले नाहीत म्हणून उशिराचा दंड. दंडावर जीएसटी. मग सगळ्यावर व्याज, व्याजावर जीएसटी, पुढच्या महिन्यात पुन्हा दंड. कोंबडीचं अंडं, अंड्याचं पिल्लू, पिल्लाची पुन्हा कोंबडी, आणि मूळ कोंबडी आम्ही आणलीच नव्हती!

"हे बघा," मास्तर म्हणाले. "एप्रिल २०२२ चे कार्डाचे नियम आहेत. कार्ड दिल्यावर तीस दिवसांत ग्राहकानं ते सुरू केलं नाही, तर बँकेनं ओटीपी पाठवून विचारायचं. होकार आला नाही तर सात कामकाजाच्या दिवसांत खातं बंद करायचं, तेही फुकट. आणि न भरलेली फी, दंड, कर मुदलात मिसळून त्यावर व्याज चढवायचं नाही. ह्यानं कार्ड सुरू केलं का?"

"नाय ओ. त्याला ते सुरू कसं करतात तेच ठाऊक नाय."

"मग लिहून कळवायचं. फोनवर हुज्जत नाही. कारण २००८ पासून रिझर्व्ह बँक सांगतेय, की ग्राहकाची तक्रार निकाली निघेपर्यंत बँकेनं ते प्रकरण वसुलीवाल्याकडे द्यायचं नाही. उगाच छळायला तक्रारी करणारा असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा तक्रार आधी, भांडण नंतर."

काकी म्हणाली, "पूर्वी बरं होतं, सावकार निदान ओळखीचा असायचा."

"ओळखीचा असायचा आणि दारात धरणं धरून बसायचा! स्वतः उपाशी राहायचा नि घरच्यांनाही जेवू द्यायचा नाही. तगादा काही आजचा नाही. लोक इतके पिचले, की १८७५ साली सुप्याला त्यांनी सावकारांचे रोखे जाळले. आता मात्र जाळायचं नाही हां, उलट प्रत्येक कागद डब्यात ठेवायचा."

गडग्यावरच मजकूर झाला. मास्तर सांगत होते, मी फोनवर टंकत होते, काकी मध्ये मध्ये शिव्या सुचवत होती आणि मास्तर त्या गाळत होते. कार्ड कधी आलं, सुरू केलेलं नाही, एकही खरेदी नाही, फी आणि दंड रद्द करा, खातं बंद करा, फोन अमुक तारखेला सात चाळीसला शेजाऱ्यांना आला. तक्रार ज्याच्या नावावर खातं आहे त्यानंच करायची, म्हणून मजकूर बोटीवर धाडला. बोट बंदराला लागली तशी धाकट्यानं तो बँकेला मेल केला आणि तक्रारीचा नंबर आम्हाला कळवला. काकीनं तो कॅलेंडरवर एकादशीच्या शेजारी लिहून ठेवला.

चार दिवसांनी दोघेजण मोटारसायकलवरून आले. काकीनं रीतीप्रमाणे पाणी दिलं आणि म्हणाली, "बसा. बँकेचं पत्र दाखवा, नि तुमचं ओळखपत्र."

एकानं गळ्यातली दोरी चाचपली. दोरीला काहीच नव्हतं. दुसरा म्हणाला, "पत्र ऑफिसात आहे. तीन हजार आत्ता दिलेत तर मिटवून टाकू. ह्या नंबरवर पाठवा."

"तो नंबर बँकेचा काय?"

तो गप्प. मग आवाज चढवून म्हणाला, "मावशी, शेजाऱ्यापाजाऱ्यांना कळलं तर बरं दिसेल का?"

काकीनं माझ्याकडे बोट केलं. "ती बघ गडग्यावर उभी आहे. तिला माझ्याआधी कळलंय. अजून कोणाला सांगायचंय? दर्ग्याकडच्या आपाला सांगून झालं, कोळणीला सांगून झालं. राहिला असशील तो तूच, तर हा घे तक्रारीचा नंबर, लिहून ने."

दोघांनी पाणी संपवलं आणि गेले. खरं सांगते, त्या दिवशी मला माझ्या चोमडेपणाचा पहिल्यांदाच अभिमान वाटला.

मास्तरांनी मात्र दोघींना दटावलं. "फुशारकी नको. वापरलेल्या कार्डाचे पैसे असते तर मुकाट भरायचे होते, आणि तेही बँकेच्या खात्यात, पावती घेऊन. भांडण न घेतलेल्या गोष्टीचं आहे. बँकेनं तीस दिवसांत उत्तर दिलं नाही, किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे. त्याला पैसे पडत नाहीत. माहिती १४४४८ वर मिळते."

लोकपालापर्यंत जायची वेळ आली नाही. एकोणिसाव्या दिवशी बँकेचं उत्तर आलं, की सगळे आकार मागे घेतले, खातं बंद केलं. काकी आनंदानं देवापुढे साखर ठेवायला निघाली, तर मास्तर म्हणाले, "थांब. बाकी शून्य असल्याचं पत्र मागव. आणि महिन्यानं सिबिलचा अहवाल बघायचा, वर्षाला एक फुकट मिळतो. तिथं डाग राहिला तर उद्या होडीला कर्ज मिळायचं नाही." पत्र आलं, ते रेशनकार्डाच्या डब्यात गेलं. कार्ड कात्रीनं कापून काकीनं चुलीत घालायला घेतलं होतं; प्लास्टिकचा वास येतो म्हणून मास्तरांनी अडवलं.

मिरगाच्या आधी आगोटीची बांधाबांध चालली होती. काकीनं गडग्यावरून आमसुलांची पुडी पुढे केली.

"हे काय?"

"तुझा नंबर वापरला ना? त्याची वार्षिक फी."

मी म्हटलं, "आणि जीएसटी?"

काकीनं आणखी एक मूठ पुडीत टाकली. मग थोडा विचार केला, आणि तिच्यातली बरीचशी आमसुलं परत उचलून सुपात टाकली. "अठरा टक्केच गो," म्हणाली.