सगळे प्रोजेक्ट वेळेत कसे संपतात?

पुण्यातल्या कुठल्याही इंजिनिअरिंग कॉलेजात मे महिन्यात जा, शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट रिपोर्ट काढा आणि गँट चार्टचं पान उघडा. जुलैत विषय ठरला, ऑगस्टमध्ये रिक्वायरमेंट गोळा झाल्या, सप्टेंबर-ऑक्टोबरात डिझाइन, जानेवारीपासून कोडिंग, मार्चमध्ये टेस्टिंग. एकही पट्टी पुढे सरकलेली नाही. एकही काम अडलेलं नाही, कुणी आजारी पडलं नाही, कुणाची प्लेसमेंटची मुलाखत मध्ये आली नाही. ज्या शहरात खणलेला रस्ता कधी बुजणार हे कुणी छातीठोकपणे सांगत नाही, त्या शहरात शेकडो प्रोजेक्ट दरवर्षी ठरल्या तारखेला संपतात.

कारण उघड आहे. चार्ट बाइंडिंगच्या आदल्या रात्री काढलेला असतो. वरातीमागून घोडं! कोड चालायला लागला, स्क्रीनशॉट काढून झाले, मग कुणीतरी म्हणतं, अरे गँट चार्ट राहिला. वरच्या बॅचच्या रिपोर्टमधून तो उचलायचा, महिने बदलायचे, झालं. यात मुलांचा दोष मी मानत नाही. चार्ट रिपोर्टमध्ये लागतो, एवढंच त्यांना सांगितलेलं असतं. कामाच्या आधी काढायचा, रोज समोर ठेवायचा आणि चुकला की खाडाखोड करायची असा तो कागद आहे, हे कुणी दाखवलेलंच नसतं. खाडाखोड झालेला गँट चार्ट रिपोर्टमध्ये लावला तर उलट मार्क कापले जातील, अशी भीती असते. आणि ती खरीही असते.

म्हणजे आपण मुलांना काय शिकवतो? काम कसंही होवो, कागदावर ते वेळेत झालेलं दिसलं पाहिजे. हाच मुलगा पुढे हिंजवडीला लागतो आणि दर शुक्रवारी स्टेटस 'ग्रीन' म्हणून कळवतो, डिलिव्हरीच्या आठवड्यापर्यंत. ही सवय तो कंपनीत शिकलेला नसतो, कॉलेजातून नेलेली असते.

विषय शिकवतच नाहीत असं नाही. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या एमसीएला सॉफ्टवेअर प्रोजेक्ट मॅनेजमेंट हा विषय आहे. कॉम्प्युटर आणि आयटी इंजिनिअरिंगलाही तो या ना त्या नावाने येतो. त्यातलं ठरलेलं गणित म्हणजे कोकोमो. कोड इतक्या हजार ओळींचा, प्रकल्प 'ऑरगॅनिक', तर किती मनुष्य-महिने लागतील? हजारांतल्या ओळींचा 1.05 वा घात, गुणिले 2.4. मुलं धडाधड सोडवतात. हे आकडे बॅरी बोहेम यांनी 1981 साली मांडले, अमेरिकेतल्या एका कंपनीच्या 63 प्रकल्पांच्या नोंदींवरून. माझ्या मते बोहेम यांचं मोठेपण सूत्रापेक्षा त्या नोंदींत आहे. कुणीतरी कामाचा हिशेब ठेवला होता, म्हणून सूत्र निघालं. आपल्याकडे सूत्र पाठ आणि हिशेब शून्य. चौघांचा ग्रुप आठ-नऊ महिने राबतो, पण लॉगिनचं पान करायला किती तास गेले हे चौघांपैकी एकालाही सांगता येत नाही. स्वतःच्या दहा कामांचा अंदाज आणि लागलेला वेळ शेजारी-शेजारी लिहून ठेवले तर कोकोमोच्या दहा गणितांपेक्षा जास्त समजेल. वहीचं एक पान पुरे.

एक्स्टर्नल म्हणून व्हायवाला बसतो तेव्हा मी कोडबद्दल थोडं विचारतो आणि माणसांबद्दल जास्त. मध्ये एका कॉलेजात हाउसिंग सोसायटीसाठी केलेलं ॲप समोर आलं. येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद, मेंटेनन्सची बिलं, तक्रारी, सगळं होतं. दिसायला देखणं. मी विचारलं, हे कुणी मागितलं? चौघंही एकमेकांकडे बघायला लागले. टॉपिक आम्हीच निवडला, सर. कुठल्या सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटलात का? नाही, पण गुगल फॉर्म फिरवला होता. तो कुणी भरला? वर्गातल्या मुलांनी.

मग त्यांच्यातली एक मुलगी बोलायला लागली. तिच्या बिल्डिंगचा वॉचमन वहीत आधी गाडीचा नंबर लिहितो, मग फ्लॅट, आणि नाव शेवटी, जमलं तर. कारण भांडणं होतात ती पार्किंगवरून, आणि गाडीचा नंबर त्याला केबिनमधून दिसतो, नाव विचारायला उठावं लागतं. त्यांच्या ॲपमध्ये पहिला रकाना पाहुण्याच्या ईमेलचा होता. भरल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं. हे तिच्या लक्षात कधी आलं? डिसेंबरात. मग बदललं का नाही? सर, दुसऱ्या रिव्ह्यूनंतर बदल करायचे नाहीत असं ठरलं होतं.

त्या खोलीत प्रोजेक्ट मॅनेजमेंटचा सगळा अभ्यासक्रम त्या मुलीने सांगितला, आणि मार्कांच्या तक्त्यात त्यासाठी एक रकाना नव्हता. आपण बांधलेली वस्तू ज्याच्यासाठी आहे त्याच्या कामाची नाही, हे तिला कळलं होतं. पुढचे प्रश्न तिला कुणी विचारायला हवे होते. बदल केला तर किती दिवस जातील? त्यासाठी काय सोडून द्यावं लागेल? बिलांचा भाग वगळला तर चालेल का, आणि हे ठरवणार कोण? तक्त्यात होतं ते असं: प्रेझेंटेशन, रिपोर्टची मांडणी, 'नावीन्य'. नावीन्याला भरघोस मार्क. वॉचमनला शून्य.

ही चूक कॉलेजच्या भिंतीआडच राहते असं कुणी समजू नये. 2017 च्या उन्हाळी परीक्षांना मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकावर तपासायचं ठरवलं. कल्पना वाईट नव्हती. पण एखाद्या शाखेत करून बघावं, हात बसवावा, मग पुढे जावं, हे झालं नाही. सगळ्या शाखा एकदम, सतरा लाखांहून जास्त उत्तरपत्रिका, आणि काम कुणाला द्यायचं हे ठरलं तेव्हा परीक्षा सुरू झालेल्या होत्या. प्राध्यापकांना नव्या पद्धतीची ओळख होता होता दिवस निघून गेले. राज्यपालांनी कुलपती म्हणून 31 जुलैची मुदत घातली, ती हुकली. निकाल सप्टेंबरपर्यंत रेंगाळले आणि ऑक्टोबरात कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आलं. बाहेरगावी, परदेशी प्रवेश घेणाऱ्या मुलांचे त्या काळात काय हाल झाले ते त्यांच्या घरच्यांना विचारा. उशीर झालेल्या कामात आणखी माणसं ओतली की ते आणखी लांबतं, हे आयबीएमच्या अनुभवावरून फ्रेडरिक ब्रुक्स यांनी 1975 मध्येच लिहून ठेवलंय. आपल्या विद्यापीठांत ते परीक्षेला येतं. एका विद्यापीठाच्या परीक्षा विभागात मात्र ते कुणाच्या कामी आलं नाही. आणि हे प्रकरण पुण्यातल्या वर्गांत केस म्हणून शिकवलेलं मी तरी पाहिलेलं नाही. अमेरिकेतल्या विमानतळांच्या केस शिकवतात.

आता दुसरी बाजू, आणि ती आपल्या गावातली आहे. जमाबंदी आयुक्तांचं कार्यालय पुण्यात आहे. राज्यभरातल्या सात-बाराचं संगणकीकरण आणि ई-फेरफार या कामाची सूत्रं तिथून हलली, आणि आज्ञावली पुण्याच्या एनआयसीने केली. सुमारे अडीच कोटी सात-बारे. सर्व्हर चालत नाही, लॅपटॉप नाहीत म्हणून तलाठ्यांनी आंदोलनं केली, लोक हेलपाटे घालून वैतागले. खरी गोम सॉफ्टवेअरमध्ये नव्हतीच. हस्तलिखित सात-बारा एक सांगायचा आणि संगणकातला दुसरं. एकाच खातेदाराचं नाव तीन तऱ्हांनी. खातेदारांच्या क्षेत्राची बेरीज एकूण क्षेत्राशी जुळेना. सोसायटीचं कर्ज कधीच फिटलेलं, पण इतर हक्कांत बोजा तसाच. हे कुठल्याही प्रोग्रामरला पुण्यात बसून दुरुस्त करता येणार नव्हतं.

म्हणून 2017 च्या मे महिन्यात चावडी वाचनाची मोहीम निघाली. तलाठ्याने गावात बसायचं, संगणकातला सात-बारा मोठ्याने वाचायचा, आणि ज्याची जमीन त्याने सांगायचं, भाऊसाहेब, हे बरोबर की चूक. हरकत आली की ती लिहून घ्यायची आणि दुरुस्ती तहसीलदाराच्या आदेशाने करायची, जमीन महसूल संहितेच्या कलम 155 खाली. ज्याच्या मनात आलं त्याने रकाना बदलला असं नाही. कोण चूक दाखवणार, कोण मंजुरी देणार, कुठे नोंद राहणार, सगळं ठरलेलं. 1 मे 2018 ला डिजिटल सहीचा सात-बारा सुरू झाला तो या कामावर उभा राहून. चुका उरल्या, आजही आहेत, लोक आजही दुरुस्तीसाठी खेटे घालतात. तरी काम उभं राहिलं.

माझा साधा सवाल आहे. ज्या पुण्यातून हे काम हललं तिथल्या किती विद्यार्थ्यांना चावडी वाचन म्हणजे काय ते ठाऊक आहे? युजर ॲक्सेप्टन्स टेस्टिंगची व्याख्या त्यांना येते. ती करताना गावात कोण ओरडतं, कोण गप्प बसतं, आणि जो गप्प बसतो त्याचीच नोंद नेमकी का चुकलेली असते, हे त्यांनी पाहिलेलं नाही. एका तलाठ्याला वर्गात बोलवा. मुळशीचा, भोरचा, कुठलाही. दोन तास त्याला बोलू द्या. त्याच्यासमोर पॉवरपॉइंट लावू नका.

पुण्याकडे अनुभवाची कमी नाही. टाटांची टीआरडीडीसी ही संशोधन संस्था 1981 पासून इथे, सी-डॅक 1988 पासून, पर्सिस्टंट 1990 पासून. चुकलेले आणि सावरलेले प्रकल्प ज्यांनी हाताने ओढले अशी माणसं कोथरूड-औंधच्या इमारतींत निवृत्त होऊन बसलेली आहेत. त्यांना आपण बोलावतो ते गॅदरिंगला, प्रमुख पाहुणे म्हणून, नारळ आणि शाल द्यायला. रिव्ह्यूच्या टेबलावर बसवत नाही.

माझ्या मते सगळ्यात मोठी फसवणूक वेगळीच आहे. प्रोजेक्ट व्हायवाच्या दिवशी मरतो. रिपोर्टच्या मागच्या पुठ्ठ्याला चिकटवलेल्या पाकिटात एक सीडी असते, ती कुणी पुन्हा लावत नाही, आता लावायला लॅपटॉपमध्ये जागाही नसते. दुसऱ्याने लिहिलेला कोड वाचणं, चालू असलेली व्यवस्था न थांबवता बदलणं, ज्याने केलं तो निघून गेल्यावर ते सांभाळणं: नोकरीत पहिली काही वर्षं हेच करायचं असतं आणि कॉलेजात त्याचा एक दिवसही सराव होत नाही. दरवर्षी नव्याने पाटी कोरी. दरवर्षी नवं अटेंडन्स ॲप, आणि हजेरी मात्र अजूनही मस्टरवर.

तेव्हा निम्म्या ग्रुपनी नवा विषय घेऊच नये. गेल्या बॅचचं काम ताब्यात घ्यावं, ते चालवावं, वापरणाऱ्याच्या दोन तक्रारी मिटवाव्यात आणि पुढच्या बॅचला नीट सोपवून जावं. सोपवताना काय लिहून ठेवलं याला मार्क द्यावेत, आणि ते मार्क पुढच्या बॅचने द्यावेत. नावीन्य कमी दिसेल. दिसू दे.

वेळ कुठे आहे, हे उत्तर मला ठाऊक आहे. गाईडकडे ग्रुप जास्त, तासिका कमी, वर नॅकच्या फायली. खरं आहे, आणि कंत्राटी प्राध्यापकाकडून जादा कामाची अपेक्षा ठेवणंही बरोबर नाही. पण नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यात आलेल्या श्रेयांक-रचनेत फील्ड प्रोजेक्ट, ऑन जॉब ट्रेनिंग आणि समाजाशी जोडलेला प्रकल्प यांना जागा ठेवलेली आहे. श्रेयांक आहेत, तास आहेत. तिथे पुन्हा एक रिपोर्ट आणि सही-शिक्क्याचं सर्टिफिकेट घेऊन मोकळं व्हायचं, की मुलांना खऱ्या रजिस्टरसमोर बसवायचं, हे कॉलेजने ठरवायचंय. विद्यापीठाच्या परवानगीची वाट बघायची त्यासाठी गरज नाही.

गिऱ्हाईक शोधायला लांब जायला नको. कॉलेजच्या ऑफिसात बोनाफाइडच्या खिडकीवर रांग असते. ते सर्टिफिकेट किती टेबलांवरून फिरतं, कुठल्या टेबलावर थांबतं आणि तिथले कारकून ते का थांबवतात, हे चार मुलांनी आठवडाभर नुसतं बसून लिहावं. संगणकाला हात न लावता. पुढचे ग्रुप जुलैत पडतील. त्याआधी विभागप्रमुखांनी ऑफिस सुपरिटेंडंटना भेटून विचारावं, तुमचं काम कुठल्या रजिस्टरपाशी अडतं? जी यादी मिळेल ती नोटीस बोर्डावर लावावी आणि यंदाचे विषय त्यातूनच द्यावेत. गँट चार्ट पहिल्या आठवड्यात त्याच बोर्डावर टांगावा, आणि तारीख सरकली की लाल पेनाने तिथेच खोडून नवी लिहायला लावावी, सही करून.