विजेच्या गाडीला लोखंडी मिशा

एमएच-११ असो वा एमएच-१०, इलेक्ट्रिक गाडी दारात आली की हळदकुंकवापाठोपाठ पुष्कळांना पुढच्या लोखंडी गार्डची आठवण होते. केंद्राने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना असे गार्ड रोखायला सांगितलं. पण कायद्यापेक्षा रुबाब मोठा. कंपनीचा बंपर धडकेत चुरगळतो तो धक्का पचवण्यासाठी. चॅसीला थेट बोल्ट केलेला पाइप तोच धक्का आतल्या माणसांपर्यंत पोचवतो, वर एअरबॅगच्या सेन्सरचा अंदाजही चुकवू शकतो. म्हणे, गळिताच्या हंगामात रात्री बिनदिव्याच्या ऊसट्रॉल्या असतात! असतात, खरंच असतात. पण ट्रॉलीचा हौदा त्या पाइपच्या वरून सरळ काचेत घुसतो. रेंज वाचवायला एसी बंद ठेवणारे हेच मालक एवढं लोखंड मात्र खंबाटकी घाटातून हौसेने चढवतात.