बॅरिकेडच्या अलीकडे

कोल्हापूरचा माणूस पूर्वी गोव्याला कशाला जायचा हे घरी सगळ्यांना ठाऊक असायचं, म्हणून कुणी विचारत नसे. आता तो पोहायला, सायकल मारायला आणि पळायला जातो, आणि हे इतक्या जणांना इतक्या वेळा सांगतो की त्यापेक्षा पूर्वीचंच कारण बरं होतं, असं घरच्यांना वाटायला लागलंय. कोरोनाची मधली वर्षं सोडली तर २०१९पासून मिरामारच्या किनाऱ्यावर ‘आयर्नमॅन ७०.३’ भरते. १.९ किलोमीटर समुद्रात पोहायचं, बाहेर येऊन ९० किलोमीटर सायकल हाणायची, तिच्यावरून उतरून २१.१ किलोमीटर पळायचं, आणि हे सगळं साडेआठ तासांत उरकायचं. बेरीज ११३ किलोमीटर, मैलांत ७०.३. पूर्ण आयर्नमॅन याच्या दुप्पट असतो. म्हणजे हा हिशेबाने अर्धा लोहपुरुष झाला. पण ‘अर्धा’ हा शब्द आजवर एकाही फ्लेक्सवर मावलेला नाही.

आमच्या ग्रुपमधले डॉक्टर, सीए आणि बिल्डर उतरणार होते. उरलेले आम्ही ‘चिअरिंग’ला. आजरा-आंबोलीमार्गे निघालो तेव्हा गाडीच्या टपावर सायकली होत्या आणि आत बोलण्याचा विषयही सायकलीच होता. किंमत विचारू नये. आमच्या घरातली पहिली मारुती तेवढ्यात येऊन वर टेप बसला असता. हॉटेलात सायकलीला एसीजवळची जागा मिळाली. ज्या सीएने एके काळी पणजीतल्या बारवाल्यांची दिवाळी केली, तो संध्याकाळी सातला पांढरा भात आणि उकडलेला बटाटा पुढ्यात घेऊन बसला. वेटरने सवयीने दारूचं मेन्यूकार्ड आणलं, तर याने त्याच्याकडे ‘आपण कधी भेटलोय का’ अशा नजरेने पाहिलं. आठला दिवे बंद. गोव्यात, शनिवारी, आठला.

पहाटे किनाऱ्यावर गर्दी दांडगी. टोपी आणि गॉगल चढवला की डॉक्टर कुठला आणि बिल्डर कुठला ते कळत नाही. एरवी बिलावरून कळतं. थोडेथोडे करून लोक पाण्यात सोडतात, आणि मग समुद्रात नुसत्या टोप्या हलताना दिसतात. त्यातल्या एकीखाली आपला माणूस आहे या श्रद्धेवर टाळ्या वाजवायच्या. सीएचे वडील, म्हणजे आमचे काका, यांनी यावर सोपा उपाय काढला. पाण्यातून जो बाहेर येईल त्याला ते “चल रे बाळा, झालंच आता!” म्हणून ओरडत होते. अजून १११ किलोमीटर व्हायचे होते. एका दाढीवाल्या परप्रांतीय गड्याने थांबून त्यांना वाकून नमस्कार केला. सीए आमच्या पाठीमागून कधी निघून गेला ते कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

त्यानंतर सायकल. सायकलीत बघ्याच्या वाट्याला येतं ते एवढंच: वाट बघा, वाट बघा, सुंई. गेला. तो आपलाच होता का, यावर पुढचा अर्धा तास वाद. स्पर्धकाच्या घोट्याला चिप बांधलेली असते, तो चटईवरून गेला की वेळ नोंदली जाते; दोन चटयांच्या मध्ये मात्र मोबाइलमधलं ॲप त्याला अंदाजाने पुढे ढकलत राहतं. माणूस कडेला पंक्चर काढत बसलेला असला तरी ॲपवर तो सुसाट असतो. बिल्डरला हे भलतंच मानवलं; त्याच्या इमारतींची प्रगतीही ग्राहकाला अशीच कळते. पुढच्या सायकलीपासून १२ मीटर अंतर राखायचं असाही नियम आहे. कोल्हापुरात गाडी चालवणाऱ्याला १२ इंचांचीही सवय नसल्यामुळे तिघांनाही सर्वांत अवघड हाच नियम गेला म्हणे.

रस्ते अर्थातच बंद. रविवारच्या प्रार्थनेला निघालेले म्हातारे-कोतारे कोपऱ्यावर ताटकळले होते. तेवढ्यात गल्लीतून पोदेर आला. सायकलीच्या मागे निळ्या प्लॅस्टिकखाली पावाची भलीमोठी टोपली, हँडलला रबरी भोंगा, पायात स्लिपर. स्वयंसेवक पोराने हात आडवा केला. पोदेर त्याच्याकडे न बघताच खाली उतरला, सायकल हातात धरून फुटपाथवरून चालू लागला आणि जाता जाता त्याने भोंगा वाजवला. कंटाळलेल्या गर्दीला तेवढं निमित्त पुरलं. टाळ्या, शिट्ट्या, काकांचं “चल रे बाळा!” त्या सकाळची सर्वांत मनापासूनची दाद त्यालाच मिळाली. तो थांबला, टोपलीवरचं प्लॅस्टिक बाजूला केलं आणि विचारता झाला, “उंडो जाय?” आम्ही सगळ्यांनी घेतले. गरम होते.

उंडा चावता चावता आमच्यातल्या वाचन करणाऱ्या मित्राने इतिहास काढला. हवाईत पोहणारे, पळणारे आणि सायकलवाले यांच्यात कोण जास्त तंदुरुस्त यावरून जुंपली होती. जॉन कॉलिन्स या अमेरिकी नौदलातल्या अधिकाऱ्याने तोडगा काढला की तिन्ही एकापाठोपाठ एक करा, जिंकेल त्याला आयर्नमॅन म्हणू. १९७८च्या फेब्रुवारीत १५ जण उतरले, १२ जणांनी पूर्ण केलं, गॉर्डन हॉलर पावणेबारा तासांच्या आसपास पहिला आला. खरी गोष्ट दुसऱ्या नंबरची आहे. त्या वेळी खाणंपिणं पुरवायला प्रत्येकाने आपली माणसं आपणच आणायची होती. जॉन डनबारच्या माणसांकडचं पाणी वाटेत संपलं, म्हणून त्यांनी त्याला बिअर पाजली. तरी तो दुसरा आला.

हे ऐकून आमच्या ताफ्यात शांतता पसरली. म्हणजे या खेळाच्या जन्माच्या वेळी मित्र हा स्पर्धेचा भाग होता. तो गाडीतून मागे यायचा, पाजायचा, चुकायचा, आणि त्याच्या चुकीला इतिहासात जागा होती. आता नियमपुस्तकात त्याला ‘बाहेरची मदत’ म्हणतात. त्याने बाटली पुढे केली तर स्पर्धकावर कारवाई, शेजारून धावला तरी तेच. बिअर पाजून दुसरा नंबर काढणाऱ्यांच्या परंपरेत आम्ही, आणि तेही गोव्यात, अन् आमच्या हातात काय, तर तिघांचे मोबाइल, तिघांच्या चपला आणि एका पुठ्ठ्यावर लिहिलेलं ‘पळ भावा’.

पळण्याच्या वेळी ऊन असं होतं की बघण्यासाठीच पदक द्यावं. डॉक्टरवहिनींनी शहाळं फोडून घेतलं, स्ट्रॉ घातली आणि कठड्याशी उभ्या राहिल्या. डॉक्टर समोरून आले. पळत होते असं म्हणावं लागतं, कारण तो भाग पळण्याचा होता. ओठ पांढरे, चेहऱ्यावर मीठ, नजर थेट शहाळ्यावर. वहिनींनी हात पुढे केला. स्वयंसेवक मुलगी धावत आली, “आंटी, नॉट अलाउड! ते बाद होतील.” वहिनी क्षणभर थांबल्या.

“म्हणजे मी द्यायचंच नाही?”

“नाही आंटी.”

“लिहून दिलंय का असं कुठे?”

“हो, नियमच आहे.”

लग्न झाल्यापासून न्हाणीघरातल्या टॉवेलापासून ऑपरेशनला निघतानाच्या रुमालापर्यंत या माणसाच्या हातात सगळं देत आलेल्या बाईच्या चेहऱ्यावर जे समाधान उमटलं, ते पुढे तिन्ही लोहपुरुषांच्या चेहऱ्यावर पदक गळ्यात पडतानाही आम्हाला दिसलं नाही. त्यांनी स्ट्रॉ तोंडाला लावली आणि डॉक्टरांच्या डोळ्यांत बघत शहाळं सावकाश संपवलं. मग आतली मलईही काढून घेतली.

तिघेही वेळेत पोचले. फोटो, मिठ्या, जिन्याची एक पायरी उतरायला दोघांचा आधार वगैरे यथासांग झालं. गावाकडच्या ग्रुपवर निकाल टाकला, तर पहिला प्रश्न आला, “कितवा आला?” पूर्ण करणं हेच जिंकणं असतं, असं सीएने मोठ्या अक्षरांत कळवलं. त्यावर मामांचं उत्तर आलं, “बरं. पण कितवा?”

परत आलो तेव्हा चौकात फ्लेक्स लागलेला होता. मधोमध आमदारसाहेब, त्यांच्या खांद्याशी पोहण्याचे गॉगल लावलेले तीन लोहपुरुष, आणि खाली ज्या जागेसाठी कोल्हापुरात माणसं जन्मभर झटतात ती ‘शुभेच्छुक’ पट्टी. आयर्नमॅनच्या नियमात मित्राला नसलेली जागा आमच्या गावाने अशी भरून दिली होती. त्या पट्टीत गोव्याला न आलेले सगळे होते. काका नव्हते, वहिनी तर नव्हत्याच. आम्ही डॉक्टरांच्या घरी जाऊन निषेध नोंदवला. सोफ्यावर पाय वर करून पडलेल्या डॉक्टरांनी फ्लेक्स कुणी लावला हे आपल्याला माहीतच नसल्याचं सांगितलं. वहिनींनी आतून प्रिंटिंगवाल्याचं बिल आणून टीपॉयवर ठेवलं. तारीख गुरुवारची होती, आणि खाली डॉक्टरांची सही.